माहेरची किडनी

“गीताबाई, एवढं ध्यानात ठिवा. हिचे पाय सुजले, डोस्कं दुखायलंय म्हणली, तर निस्ता फोटू काढून घरी आणायचं न्हाई. आवाज ऐकायला न्यायचं. फोटूत किडनी दिसती. तिला रगत पोचायलंय का न्हाई, ते फोटूत दिसत न्हाई.”

धुरपदाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते. त्र्याण्णव सालची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक पोखर्णीच्या रस्त्यावर उभा होता आणि मुकादमाकडून अर्धा तास मागून घेऊन त्या लेकीला भेटायला आल्या होत्या. मी हसले. म्हटलं, मावशी, मशीन एकच असतं, फोटो चांगला आला म्हणजे किडनी चांगली.  “तुमी शिकलेल्या हाव,” एवढं म्हणाल्या आणि पदर खोचून ट्रककडं निघून गेल्या.

मी शिकलेली होतेच. परभणीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. किडनीची आकृती मी परीक्षेत काढलेली, तांबड्या पेन्सिलीनं धमनी आणि निळ्या पेन्सिलीनं शीर. सरांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती. सही करता न येणाऱ्या बाईनं मला किडनी शिकवावी, याची मला गंमत वाटली.

धुरपदाबाई म्हणजे माझ्या जावेची आई. जाऊ दैवशाला, माझे थोरले दीर वैजीनाथ यांची बायको. आमचे हे, चंद्रभान, धाकटे. कृषी विद्यापीठात कारकून आहेत, सकाळच्या बसनं परभणीला जातात आणि दिवेलागणीला परत येतात. घरात सासरे आबासाहेब आणि सासू चतुराबाई, ज्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. कालव्याचं पाणी आल्यापासून शेती बरी आहे. खाऊनपिऊन सुखी घर, असं आमच्याबद्दल पोखर्णीत कुणीही सांगेल.

दैवशालाचं पहिलं बाळंतपण आठव्या महिन्यातच बिघडलं. रक्तदाब चढला, झटके आले, मूल गेलं आणि पाठोपाठ दोन्ही किडन्या गेल्या. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्याची किडनी बसवली तर जगेल. मग आमच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं बसली आणि लग्नात कुणी काय आणायचं हे ठरतं तसं ठरलं. आबासाहेब म्हणाले, ऑपरेशन आमचं, किडनी तुमची. वैजीनाथ भावजींचा रक्तगट जुळतो का, हे कुणी विचारलंही नाही. धुरपदाबाई दाराआड बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, माझी घ्या.

आमच्याकडं सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तसं तिचं मोठं दुखणंही माहेरीच निघतं. सून अंथरुणाला खिळली की चार दिवसांत तिच्या भावाला निरोप जातो, घेऊन जा, बरी झाली की आणून सोडा. याला कुणी छळ म्हणत नाही. माहेरपण म्हणतात. दैवशालाच्या बाबतीत हा रिवाज आणखी पक्का झाला, कारण किडनीच माहेरची होती. ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. पुढं दर महिन्याला हैदराबादला तपासणीला न्यायचं काम तिच्या भावाकडं, सटवाजीकडं आलं. तो ताडकळसहून यायचा, तिला घेऊन जायचा, आणून सोडायचा. ऑक्टोबरपर्यंत त्यानं एकही खेप चुकवली नाही. मग टोळी उचलायची वेळ झाली. सटवाजी बायकोसह ऊस तोडायला आणि धुरपदाबाई एका किडनीवर त्यांच्या पाचटाच्या कोपीत भाकरी थापायला, नातवंडं धरायला गेल्या.

दोन तपासण्यांना धुरपदाबाईही हैदराबादला गेल्या होत्या. तिथल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी दैवशालाच्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, जिथं नवी किडनी बसवली होती, तिथं यंत्राचा दांडा फिरवला. पडद्यावर तांबडं-निळं चमकलं आणि खोलीत आवाज भरला. धुरपदाबाईंनी विचारलं, हे काय वाजायलंय? डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. तुमची किडनी हिच्या मांडीकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला शिवून जोडली आहे. तो जोड पुढं सहा महिन्यांनी, वर्षानं आवळू शकतो. आवळला की रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, लघवी कमी होते. तेव्हा हा आवाज बदलतो, धारेसारखा चिरका होतो. त्या वेळेला आलात तर आतून फुगा घालून जोड मोकळा करता येतो. धुरपदाबाईंनी रानात पाणी दिलेलं होतं. पाण्याच्या दंडात कुठं ढेकूळ अडकलं की तिथं पाणी कसं फुसफुसतं आणि पुढचा वाफा कसा कोरडा राहतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

हे सगळं फाईलमध्येही लिहिलेलं होतं. फाईल मी वाचली होती. रक्तदाब वाढल्यास ताबडतोब डॉपलर करणे, असं त्यात इंग्रजीत होतं. डॉपलर म्हणजे तीच आवाजाची तपासणी, पण ते मशीनच्या कंपनीचं नाव असावं असं समजून मी पान उलटलं.

डिसेंबरात दैवशालाची जोडवी रुतायला लागली. ती सकाळी चुलीपुढं बसून बोटांना तेल लावायची आणि जोडवी फिरवून बघायची. मग डोकं दुखणं सुरू झालं. मी तिला आरोग्य केंद्रात नेलं, तर नर्सबाईंनी रक्तदाबाचा पट्टा दोनदा बांधून पाहिला आणि डॉक्टरांना बोलावलं. वरचा आकडा एकशे नव्वद होता. डॉक्टर म्हणाले, इथं गोळी देतो, पण हिला हैदराबादला न्या, थांबू नका.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. आबासाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, नामांतराचं वातावरण तापलेलं आहे, मोर्चे निघतायत, गाड्या बंद पडतायत, अशात बाईमाणसाला घेऊन कुठं फिरायचं. सटवाजीला पत्र टाका, टोळी सुटली की तो नेईल. टोळी सुटायला अजून तीन महिने होते. मी तसं म्हणाले, तेव्हा आत्याबाई सुपातला खडा बाजूला टाकत शांतपणे बोलल्या.

“किडनी त्यायची हाय, गीते. कुठं दुखायली, कामून दुखायली, त्यायलाच मालूम. उद्या काही कमीजास्त झालं तर म्हणतील, आमी चांगली दिली व्हती, तुमी बिघडवली. आपण हात कामून लावावा?”

वैजीनाथ भावजी दारात उभे होते. ते बैल सोडायला निघून गेले.

रात्री भांडी आवरताना दैवशाला माझ्याजवळ हसली. तिची थट्टा नेहमी अशीच असायची, स्वतःच्याच अंगावर घेतलेली. “माझ्या पोटात माझी माय हाय, गीता,” ती म्हणाली. “इथं येऊन तिला बी सासुरवास चालू झालाय.”

मी कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत असते, कार्ड मागं फिरत राहतं, हे मला ठाऊक होतं.

आता मला माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. मला तेव्हा पाचवा महिना लागत होता. पहिली मुलगी, रेणू, तीन वर्षांची. परभणीतल्या एका सेंटरवर मुलगा की मुलगी ते बघून देतात, हे आमच्या गल्लीत प्रत्येकीला माहीत होतं. त्याविरुद्ध कायदा झालाय हेही माहीत होतं, कारण त्यानंतर तिथं निकाल तोंडी सांगायला लागले होते. आत्याबाईंनी वार ठरवला, जीप ठरवली. नामांतराचे मोर्चे त्या रस्त्यावरही होते, पण त्या दिवशी त्यांची आठवण कुणाला झाली नाही.

मी जायला नकार दिला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण मी नकार दिला नाही. मी सौदा केला. म्हटलं, मी येते, पण जाऊबाईंनाही बरोबर घ्या, त्यांच्या किडनीचीही सोनोग्राफी त्याच ठिकाणी होईल. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि जीपमध्ये जागा आहे म्हणाल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. भांडण न करता, कुणाला न दुखवता मी जावेची तपासणी करवून घेतली, असं मला जीपमध्ये बसल्यावर वाटत होतं. रेणू माझ्या मांडीवर होती. दैवशाला खिडकीशी बसून सुजलेल्या पावलांत चप्पल अडकवायचा प्रयत्न करत होती.

सेंटरवर आधी तिला घेतलं. मी आत उभी होते. पडदा करडा होता. डॉक्टरांनी दांडा फिरवला, पडद्यावर दोन फुल्या टाकून मोजलं आणि म्हणाले, किडनीचा आकार उत्तम, कुठं पाणी साठलेलं नाही, आजूबाजूला गाठ नाही. आत्याबाईंचा चेहरा खुलला. दैवशालानं मान उचलून यंत्राकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “सायेब, आवाज न्हाई का येत ह्यातून?”

“यात आवाज नसतो, बाई. रक्ताचा प्रवाह बघायचा तर दुसरं यंत्र लागतं, ते इथं नाही,” डॉक्टर हात पुसत म्हणाले. “गरज वाटली तर हैदराबादला करून घ्या.”

मी ते ऐकलं. शब्दन्‌शब्द ऐकलं. पण पुढची पाळी माझी होती, आणि रेणू बाहेर रडत होती. मी टेबलावर चढले.

मला आत काही सांगितलं नाही. व्हरांड्यात डॉक्टर आत्याबाईंशी दोन वाक्यं बोलले. परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं. घरी आल्यावर त्यांनी आबासाहेबांना सांगितलं, थोरलीचा फोटो एकदम चांगला आलाय, तिथं काही अडलेलं नाही, फिकीर करायचं कारण नाही. धाकटीचं मात्र बघावं लागेल.

पुढचे तीन आठवडे घरात माझ्या पोटाशिवाय दुसरा विषय नव्हता. मोकळी करून आणू, असं आत्याबाई म्हणत होत्या. हे रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे आणि आईला काय सांगू, असं मलाच विचारायचे. मी नाही म्हणाले. पहिल्यांदा रडत म्हणाले, मग न रडता, मग जेवण सोडून. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं की मला जबरदस्तीनं नेलं तर मी परभणीच्या पोलीस ठाण्यात जाऊन त्या सेंटरचं नाव सांगेन, आणि जीपमध्ये कोण कोण होतं तेही सांगेन. मग मला कुणी काही बोललं नाही. धाडसी सुनेची गोष्ट म्हणून इथंच थांबले असते तर वाचायला बरी वाटली असती.

पण त्या तीन आठवड्यांत दैवशालाच्या पायांकडं कुणी पाहिलं नाही. मीही नाही. लहान मूल असलेली बाई घरभर नजर ठेवून असते. रेणू आडाकडं गेली की मला पाठमोरीला कळायचं. आणि एका छपराखाली जाऊ पिवळी पडत होती, ते मला दिसत नव्हतं. एकदा ती म्हणाली, गीता, दिवसभरात वाटीभर बी लघवी व्हत न्हाई. मी म्हटलं, फोटो तर चांगला आलाय ना बाई, थंडीत पाणीच कमी प्यायलं जातं. ती बरं म्हणाली.

चौदा जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पुढं तीन-चार दिवस बस बंद. अठरा तारखेला सकाळी मी अंगणात रेणूला न्हाऊ घालत होते, तेव्हा धुरपदाबाई दारात उभ्या राहिल्या. माझं कार्ड महिनाभर फडाफडानं फिरून त्यांच्या हातात पडलं होतं. एकट्याच निघाल्या होत्या, कुठं ट्रकनं, कुठं पायी. पायाला भेगा, लुगड्याला उसाच्या पाचटाचा वास. त्यांनी आत जाऊन लेकीकडं पाहिलं, तिच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग बाहेर येऊन मला एकच विचारलं.

“आवाज ऐकला का, गीताबाई?”

मी म्हणाले, फोटो काढला.

धुरपदाबाई आबासाहेबांकडं वळल्या आणि म्हणाल्या, मी माझी लेक घेऊन चालले. आबासाहेब म्हणाले, न्या की, तुमचीच हाय. मी तांब्या खाली ठेवला आणि ह्यांना सांगितलं की तुम्ही येणार असाल तर या, नसाल तर मी पोटुशी बाई रेणूला काखेत घेऊन या दोघींबरोबर हैदराबादला जाते. ते आले. ते पहिल्यांदाच आईला न विचारता घराबाहेर पडले होते.

हैदराबादला तीच खोली, त्याच डॉक्टरीणबाई. धुरपदाबाई लेकीच्या उशाशी उभ्या राहिल्या, मी पायाशी. दांडा फिरला. करडा पडदा, त्यात किडनी. मला ती पुस्तकातल्यासारखी दिसली, आकार नीट, कडा नीट. डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबलं. चौकटीत तांबडं यायला हवं होतं, निळं यायला हवं होतं. काहीच आलं नाही. त्यांनी दांडा तिरका केला, सरळ केला, पुन्हा जेली लावली. यंत्रातून नुसती खरखर येत होती.

“बाई,” धुरपदाबाई म्हणाल्या, “आवाज बडा करो जरा.”

डॉक्टरीणबाईंनी हात न थांबवता सांगितलं, “पूरा खुला है, अम्मा.”

दैवशाला डोळे मिटून पडली होती. तिनं आईचा हात चाचपून धरला. यंत्र खरखरत राहिलं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन परभणीचा फोटो उजेडात धरला. त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाल्या, हा फोटो खोटा नाही, यात जे दिसतं ते बरोबर आहे. यात विहिरीचं बांधकाम दिसतं, आत पाणी आहे का ते दिसत नाही. जोड डिसेंबरात आवळायला लागला असणार, रक्तदाब त्यामुळेच चढला. तेव्हा आणलं असतं तर बहुतेक फुग्यानं मोकळा झाला असता. आता तिथं रक्त गोठून वाट बंद झाली आहे आणि पुढची किडनी मेली आहे. मी बी.एस्सी. आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ती किडनी काढली. दैवशालाला पुन्हा रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर घातलं. सटवाजी आला, रडला, आणि माझी घ्या म्हणाला. ते ठरेपर्यंत ताप आला. सतरा फेब्रुवारीला ती गेली. आमच्या घरून आबासाहेब आणि वैजीनाथ भावजी आले. भावजी तिच्या जोडव्यांकडं बघत उभे राहिले. सुजेमुळं ती कापून काढावी लागली होती. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना आबासाहेब सांगत होते की आम्ही हात आखडला नाही, ऑपरेशन केलं, पण काय करणार, किडनीच जुनी निघाली. ऐकणारे माना डोलावत होते. धुरपदाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उठून म्हणाले, किडनी जुनी नव्हती, तिला आपण रक्त पोचू दिलं नाही, आणि त्यात मी सगळ्यांत पुढं होते. सुतकात डोकं फिरलं असेल म्हणून बायकांनी मला आत नेलं. अक्षय तृतीयेला वैजीनाथ भावजींचं दुसरं लग्न झालं. नवी सून माहेराहून सगळं नवं घेऊन आली.

माझी धाकटी आता सहा महिन्यांची आहे. हे लिहिताना मांडीवर आहे. आत्याबाई तिला खेळवतात, तिच्यासाठी काजळ करतात, आणि मी ते बघत राहते. एका घरात दोन बायका एकाच दिवशी एकाच टेबलावर झोपल्या. एकीच्या पोटात काय आहे ते बघायला सगळे उत्सुक होते. दुसरीच्या पोटात काय चाललंय ते बघायचं काम कुणाचं, हे ठरलेलं होतं, आणि ज्याचं ठरलं होतं तो दीडशे कोसांवर ऊस तोडत होता. सुनेचं दुखणं माहेराचं, हा रिवाज कुणी कागदावर लिहिलेला नाही, त्यामुळं तो खोडायलाही कागद सापडत नाही. तो निरोप सटवाजीला आमच्याच घरातून जायचा आणि मी तो लिहून द्यायचे. यापुढं माझ्या हातानं तो लिहिला जाणार नाही.

शेवटी एक विनंती आहे. धुरपदाबाई यंदा टोळीबरोबर गेल्या नाहीत. सटवाजी गेला. ताडकळसला त्या एकट्या आहेत. मी दोनदा गेले. पहिल्या वेळी त्यांनी रेणूला गूळ दिला आणि मला पाणी. दुसऱ्या वेळी मी नर्सबाईंना बरोबर नेलं होतं. धुरपदाबाईंनी दंडाला पट्टा बांधू दिला नाही. म्हणाल्या, दिली ती गेली, राहिलेली मोजून काय करता. त्या बोलत असताना मी त्यांच्या पायांकडं पाहत होते. मला घोट्याशी सूज वाटली. लुगड्याच्या काठानं त्यांनी लगेच झाकून घेतलं, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही.

माझ्या हातून त्या पट्टा बांधून घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ताडकळसच्या बाजाराला तुमच्यापैकी कुणी जात असेल तर वेशीच्या आतलं तिसरं घर, दारात शेवग्याचं झाड. माझं नाव सांगू नका. पाणी मागा, ओसरीवर टेका, चार गोष्टी बोला, आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघा. खड्डा भरून येतो का, तेवढं मला कळवा.